डाव्या कुशीवर

सूर्यभान सोनकांबळे घरातसुद्धा उघड्या अंगाने वावरत नसत. दिलसुखनगरचा उन्हाळा कितीही तापू दे, बनियनवर सदरा आणि सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. परभणीकडच्या ज्या खेड्यात ते वाढले, तिथे त्यांच्या वडलांच्या अंगावर धड कपडा दिसला तरी गावातले लोक हटकायचे. त्या गावातून ते निघाले, काचीगुड्याला रेल्वेत खलाशी म्हणून लागले, परीक्षा देत देत गार्ड झाले आणि मनमाडकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये उरलेली नोकरी त्यांनी इतमामाने केली. युनिफॉर्मला इस्त्री ते स्वतः करायचे. बायकोला, पंचफुलाला, त्या कपड्यांना हात लावायची परवानगी नव्हती.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. आधी त्यांनी तो कुणाला कळू दिला नाही. लग्नाकार्याला जाणं टाळायला लागले. बुद्ध जयंतीच्या कार्यक्रमात नेहमी पुढे बसणारा माणूस दाराजवळची खुर्ची धरू लागला. आबिड्सला पेन्शनीच्या कामासाठी निघाले की चादरघाटलाच बसमधून उतरायचे आणि आडोसा शोधायचे. घरात पाण्याचा तांब्या भरलेलाच राहतो, हे पंचफुलाच्या ध्यानात आलं.

"अवो, पानी पिनं सोडलं का काय तुमी?" तिने विचारलं.

"तहान नाही."

"ह्या उन्हात तहान न्हाई? मी अमरला सांगते."

"कायकू सांगते? काही नाही झालं मला."

तिने सांगितलंच. अमरदीप त्यांचा धाकटा. थोरली रेणुका लग्न होऊन नांदेडला गेलेली. अमरदीप इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर होता आणि बाहेरून मशिनं आणून विकणाऱ्या एका कंपनीत होता. त्या वर्षांत सरकारने परदेशी मालाला दारं उघडी केली होती. हिमायतनगरपासून दिलसुखनगरपर्यंत डायग्नोस्टिक सेंटरं निघत होती, आणि पूर्वी मुंबईत एखाददुसरं असायचं तसं मशीन आता इथे एकेका रस्त्यावर येऊ घातलं होतं. अमरदीपचं काम म्हणजे मशीन खोक्यातून काढायचं, बसवायचं, चालवून दाखवायचं आणि डॉक्टरांना शिकवायचं. तो टाय लावून कामावर जायचा. तो स्कूटरला किक मारेपर्यंत सूर्यभान रोज फाटकाशी उभे राहायचे.

अमरदीपने त्यांना आबिड्सच्या डॉक्टर नक्वींकडे नेलं. नक्वी म्हातारे होते, लघवीच्या विकारांचे जुने सर्जन. त्यांनी तपासलं, रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. गाठीचा संशय सांगणारा आकडा जास्त आला.

"देखो सूर्यभान साब," नक्वी म्हणाले, "प्रोस्टेट बढ़ा हुआ है, वो तो इस उमर में सबका बढ़ता. मगर खून का रिपोर्ट कुछ और बोल रहा. सुई से टुकड़े लेके देखना पड़ता. कहाँ मारना सुई, वो अपन अंदाजे से करते."

अंदाजे हा शब्द अमरदीपने धरून ठेवला. घरी आल्यावर तो वडलांजवळ पलंगावर बसला आणि कंपनीच्या नव्या मशीनबद्दल सांगायला लागला. कलर डॉपलर. "बाबा, साध्या सोनोग्राफीत नुसता आकार दिसतो. ह्याच्यात रक्त वाहताना दिसतं. गाठ वाढायला लागली की ती आपल्यासाठी रक्त ओढून घेते, नव्या बारीक नळ्या फुटतात. तिथे रंग दाटतो. मग सुई नेमकी तिथंच मारायची. ह्या रविवारी हिमायतनगरला आमचा डेमो आहे. दिल्लीचे मोठे डॉक्टर येतायत, ते स्वतः करतील. तुमचं आपोआप होऊन जाईल."

"बघतात कुठून?"

अमरदीपने मान खाली घातली. "मागून, बाबा. बारीक नळी असते. दुखत नाही."

पंचफुला चुलीपाशी भाकरी थापायची थांबली होती.

"किती जण असतात तिथं?" सूर्यभानांनी विचारलं.

"डॉक्टर असतात. एखादा मदतीला. आणि मी."

"तू कशाला?"

"मशीन मीच चालवतो ना."

त्या उत्तराने त्यांचं मन वळलं. पोरगा मशीन चालवतो आणि दिल्लीचा डॉक्टर त्याच्या हाताकडे बघतो, हे त्यांना बघायचं होतं. रविवारी ते अंघोळ करून, पांढरा सदरा घालून स्कूटरवर मागे बसले.

सेंटर नवंकोरं होतं, भिंतींना रंगाचा वास येत होता. एका नर्सने त्यांना एनिमा दिला आणि मग मागे नाड्यांचा, पाठ उघडी टाकणारा एक हिरवा झगा दिला. सदरा घडी करून ठेवताना त्यांनी कॉलर नीट केली. आतल्या खोलीत एसी इतका गार होता की पायांवर काटा आला. त्यांना डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं. मशीन डोक्याशी होतं, मान थोडी वळवली की पडद्याची कड दिसायची. अमरदीप मशीनशी उभा होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दिल्लीचे डॉक्टर आले ते कॉलरला छोटा माइक लावून. त्यांनी सूर्यभानांच्या खांद्याला हात लावला आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. बोलणं खोलीतल्या कुणाशी नव्हतं. सूर्यभानांना आधी ते कळलं नाही. मग डॉक्टरांनी काहीतरी गमतीचं वाक्य टाकलं आणि भिंतीपलीकडून हशा आला. पुष्कळ माणसांचा. शेजारच्या हॉलमध्ये टीव्ही लावून ठेवला होता आणि पंचवीस-तीस तरी डॉक्टर चहा पीत ही तपासणी बघत होते.

त्यांना उठावंसं वाटलं. पण तोवर नळी आत गेली होती, थंड जेली मांड्यांवर ओघळत होती, आणि झगा कमरेच्या वर होता. ते भिंतीकडे बघत राहिले.

"पेशंट कोण आहेत?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

"वॉलंटिअर आहेत, सर," अमरदीप म्हणाला. "वय साठच्या पुढे. वारंवार लघवीची तक्रार."

सूर्यभानांना इंग्रजी येत होतं. आयुष्यभर गाडीचे रिपोर्ट त्यांनी इंग्रजीत लिहिले होते. वॉलंटिअर म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

खोलीत एक आवाज सुरू झाला. डॉक्टरांनी मशीनचा स्पीकर लावला होता. फस्स, फस्स, असा ओला, ठोक्याने येणारा आवाज. ते त्यांचंच रक्त होतं. डॉक्टर नळी वळवत होते, तसा आवाज कमी-जास्त होत होता. अमरदीप सांगितलेलं बटण दाबत होता. मग डॉक्टर थांबले. त्यांचा सूर बदलला, त्यात उत्साह आला. डावीकडे बघा, ते म्हणाले. ही कड बघा. किती सुंदर दिसतंय. साध्या सोनोग्राफीत तुम्हाला इथे काहीच दिसलं नसतं.

सूर्यभानांनी मान वळवली. पडद्यावर करड्या रंगात अर्धी कापलेली सुपारी असावी तसा एक आकार होता, आणि त्याच्या एका कडेला लाल-निळ्या ठिपक्यांचा दाट गुंता झाला होता. ठोक्यासरशी तो उजळत होता. बाकीचा भाग शांत होता. भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या.

अमरदीपचा हात बटणावर तसाच राहिला होता. "फ्रीज करा, चित्र थांबवा," असं डॉक्टरांना दोनदा म्हणावं लागलं.

संपल्यावर डॉक्टरांनी माइक बंद केला. ते वाईट माणूस नव्हते. "थँक यू, बाबा," म्हणून त्यांनी स्वतः झगा खाली ओढला. मग अमरदीपला बाजूला घेतलं, पण खोली लहान होती.

"ह्या माणसाची बायॉप्सी ह्याच आठवड्यात करून घ्या. टाळू नका. ह्याचं कोणी आहे का?"

"आहे, सर," अमरदीप म्हणाला.

परत येताना चादरघाटच्या पुलाजवळ त्याने स्कूटर इराण्याच्या हॉटेलाशी थांबवली. चहा आला. सूर्यभानांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"विकलं जाईल का मशीन?" त्यांनी विचारलं.

"हो. त्यांनी लगेच सांगितलं."

"मग झालं."

अमरदीप काहीतरी बोलायला गेला, आणि मग काउंटरकडे बिस्किटं आणायला उठला. सूर्यभानांनी त्याच्या पाठीकडे बघितलं. लहानपणी ताप आला की हे पोरगं असंच तोंड फिरवून उभं राहायचं. त्यांना त्याची दया आली, आणि त्याच वेळी मघाचा तो एक शब्द, वॉलंटिअर, कानातून जाईना.

नक्वींनी सुई मारली ती पडद्यावर रंग दाटला होता तिथेच. कॅन्सर निघाला. मग हाडांचा फोटो काढला, तेव्हा कण्याच्या मणक्यांतही डाग दिसले. आजार त्यांना कळायच्या आधीच मूळ जागेबाहेर पडला होता.

"घबराने का नै, ऐसा मैं नै बोलता," नक्वी म्हणाले. "मगर रास्ता है. ये बीमारी मर्द के हार्मोन पे पलती. वो बंद करे तो बीमारी सो जाती. हर महीने इंजेक्शन लेना, या एक छोटा ऑपरेशन, अंडकोष की दोनों गोलियाँ निकाल देना."

अमरदीप म्हणाला, इंजेक्शनच घेऊ. सूर्यभान म्हणाले, "नाही. काय ते एकदाच होऊन जाऊ दे. दर महिन्याला कुणापुढं आडवं पडायचं नाही मला."

पंचफुलाला काय सांगायचं आणि कसं, ह्याचा विचार करून अमरदीप दोन दिवस घरात अवघडून वावरत होता. शेवटी सूर्यभानांनीच तिला सांगितलं, दुपारी, ती तांदूळ निवडत असताना. ती ऐकत राहिली. सुपातले खडे बाजूला काढत राहिली.

"दुखंल का लई?" तिने विचारलं.

"नाही म्हणतात."

"मंग करून घ्या." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता ह्या वयात मला काय करायचंय त्याचं. तुमी ऱ्हावा म्हंजे झालं."

ऑपरेशन झालं आणि वर्षभर बरं गेलं. लघवीचा त्रास गेला, पाठ दुखत होती ती थांबली. त्यांचं अंग मात्र बदललं. गाल भरले, दाढी विरळ झाली, छाती मऊ पडली. बसल्या बसल्या एकदम अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि सदरा घामाने चिंब व्हायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा पंचफुला विंझणा घेऊन आली आणि वारा घालत म्हणाली, "मला बी असंच व्हायचं. तवा तुमी म्हनायचे, नाटकं करती." सूर्यभान हसले. त्या दोन वर्षांत ते खरे हसले असे प्रसंग थोडेच.

अमरदीपला कंपनीने बढती दिली. त्या डेमोनंतर शहरात पाच-सहा मशिनं गेली होती. तो आता उशिरा घरी यायचा, आणि वडलांशी बोलायचा ते औषधांपुरतं. सूर्यभानांनीही विषय काढला नाही. फाटकाशी उभं राहणं मात्र त्यांनी बंद केलं. पाय दुखतात, असं सांगितलं.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पाठ पुन्हा धरली. रक्तातला आकडा वर गेला होता. नक्वींनी पोटाची सोनोग्राफी सांगितली, आणि अमरदीप त्यांना त्याच हिमायतनगरच्या सेंटरमध्ये घेऊन गेला, कारण तिथे त्याच्या शब्दावर लगेच नंबर लागायचा. रंगाचा वास आता गेला होता. बाकावर माणसं बसली होती. नाव सांगून झाल्यावर सूर्यभान बसायला वळले, तर अमरदीप समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा होता.

"बस की," ते म्हणाले.

"नको. ठीक आहे मी."

"अरे, जागा आहे."

काउंटरवरच्या मुलीने त्याला सही करायला बोलावलं, आणि त्याला तिथून हलावं लागलं. मागे भिंतीवर कंपनीचं मोठं चकचकीत पोस्टर होतं. वर मशीनचा फोटो, खाली न दिसणारं दिसू लागेल अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ, आणि मधोमध, परातीएवढं मोठं केलेलं, ते चित्र. अर्धी सुपारी. डाव्या कडेला लाल-निळा गुंता.

सूर्यभान उठून जवळ गेले. त्यांनी चष्मा पुसून घातला. एक बाई तिथेच उभी राहून आपल्या लेकराला ते रंग दाखवत होती.

सोनोग्राफी झाल्यावर ते जिन्यात थांबले. कठड्याला धरून त्यांनी विचारलं, "ते माझं आहे ना?"

अमरदीप म्हणाला, "हो."

"तू दिलंस?"

"मशीनमध्ये होतं, बाबा. कंपनीने घेतलं. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं नाही." तो जिन्याच्या पायरीवर बसला. "कुठंही नाव नाही घातलं."

"नाव नव्हतं म्हणूनच तर चाललं."

खालून कुणीतरी वर येत होतं. दोघांनी वाट दिली. तो माणूस गेल्यावर अमरदीप म्हणाला, "त्या दिवशी मी वडील म्हणालो असतो तर त्यांनी मला मशीनवरून बाजूला केलं असतं. घरच्या माणसाला उभं राहू देत नाहीत. दुसरा कोणी असता. मला जवळून बघायचं होतं."

सूर्यभानांनी त्याच्याकडे पाहिलं. हे त्या दिवशी त्याच्या मनात होतं, की नंतरच्या दोन वर्षांत त्याने जुळवून ठेवलं होतं, ते त्यांना ठरवता येईना. कदाचित त्यालाही येत नसेल.

"तो लाल रंग," त्यांनी विचारलं, "तोच आजार का?"

"नाही, बाबा. लाल म्हणजे नळीकडे येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं. रक्त तेच. नुसती दिशा."

"मग आजार कुठला?"

"तो दिसत नाही. त्यानं ओढून घेतलेलं रक्त दिसतं."

इतके दिवस त्यांना वाटत होतं की लाल ते वाईट आणि निळं ते चांगलं, आणि आपल्यात निळंही थोडं आहे. ते एकेक पायरी उतरायला लागले. अमरदीपने कोपराला हात लावला, तो त्यांनी झटकला नाही.

त्याच पावसाळ्यात कंपनीने अमरदीपला मद्रासला पाठवायचं ठरवलं. तो नाही म्हणणार होता. सूर्यभानांनी त्याला जायला लावलं. "इथं बसून काय करणार? माझ्याकडं बघत बसणार?" हे त्यांनी जरा कडकच विचारलं. तो गेला. शेजारच्या रेड्डींच्या घरी दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि पंचफुला पदर सावरत धावत जायची. सूर्यभान फोनवर गेले नाहीत. "झोपलेत म्हनून सांगते," ती म्हणायची, आणि परत आल्यावर त्यांच्याकडे बघत बसायची.

दसऱ्यानंतर एका सकाळी ते पलंगावरून उठायला गेले आणि पाय हलले नाहीत. कमरेखाली कुणी दुसऱ्याचं अंग आणून ठेवलं होतं. पंचफुलाने रेड्डींच्या मुलांना हाक मारली, सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात नेलं. मणका दबला होता. किरणं दिली. अमरदीप रात्रीच्या गाडीने आला, रेणुका नांदेडहून आली. पाय परत आले नाहीत, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

घरी त्यांना कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. पंचफुलाच्याने ते होईना. रेणुकेला ते हात लावू देत नसत. मग अमरदीपच करायचा. त्याने रजा वाढवली होती. गरम पाण्यात फडकं पिळून तो त्यांचं अंग पुसायचा, लघवीची पिशवी रिकामी करायचा, चादर बदलायचा. सूर्यभान तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे. वळवताना पाठीमागे उशी लावायची असते, ते त्याला पहिल्या दिवशी जमलं नाही आणि ते कलंडले. त्याने त्यांना सावरून उशी पुन्हा लावली.

नक्वी एकदा घरी येऊन गेले. कंपनीचं आणखी नवं मशीन आलंय, हवं तर अमरदीप त्यावर एकदा बघून घेईल, असं ते दारात म्हणाले. सूर्यभानांनी आतूनच सांगितलं, "नको, डॉक्टर साब. बस झालं." अमरदीपने आग्रह केला नाही.

संध्याकाळी तो त्यांची दाढी करत होता. वाढायची ती थोडीच, पण त्यांना ती रोज लागायची. उजवा गाल झाला. डाव्या गालाला फेस लावताना त्याचा हात थांबला.

"बाबा, तुम्ही अजून रागावलाय का माझ्यावर?"

सूर्यभानांनी डोळे उघडले. त्याच्या कपाळावर केस विरळ व्हायला लागले होते. हे त्यांना आजवर दिसलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

अमरदीपने मान हलवली.

"खोटं कशाला सांगू. आहे राग. जाईलसुद्धा कधी. पण तेवढा वेळ आहे का माझ्याकडं, मला माहीत नाही." त्यांना धाप लागली. थांबून ते म्हणाले, "त्यासाठी तू थांबू नकोस. मशीन बिघडलं नव्हतं आणि तूही चुकीचं बटण दाबलं नाहीस. दिसलं त्याच्या आधीच ते हाडांत गेलं होतं."

"ते मला माहीत आहे, बाबा. मी त्याचं नाही विचारत."

"हौ. मलाही माहीत आहे तू कशाचं विचारतो ते." त्यांनी गाल पुढे केला. "कर पुरी. फेस सुकतोय."

अमरदीपने दाढी पुरी केली, ओल्या टॉवेलने तोंड पुसलं. रेणुका कण्या घेऊन आली. सूर्यभानांनी दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. पंचफुला पायाशी बसून त्यांच्या तळव्यांना तेल चोळत होती. तळव्यांना काही कळत नव्हतं, ते तिलाही माहीत होतं, तरी ती चोळत होती. समोरचा कोचिंग क्लास सुटला. पोरांची गर्दी रस्त्यावर आली, सायकलींच्या घंट्या वाजायला लागल्या, तेलुगूत कुणी कुणाला हाका मारत होतं. ते सगळं पांगेपर्यंत घरातलं कुणी उठलं नाही.

"वळवू का?" अमरदीपने विचारलं.

"वळव," सूर्यभान म्हणाले. "उजव्या कुशीवर."